दोनदा मोल दिलेल्या शाळा

पडक्या शाळेचं छायाचित्र डोळ्यांना आवडतं. उन्हापावसानं करड्या पडलेल्या फळ्या, उंच खिडक्यांच्या रांगा, फुटक्या तावदानांतून आत शिरलेली वेल, भिंतीवर कसाबसा टिकून असलेला फळा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अशी चित्रं काढणारे बरेच आहेत. अँड्र्यू फाइलर हे त्यांतले सर्वांत चिकाटीचे म्हणावे लागतील. जॉर्जियातल्या या ज्यू छायाचित्रकारानं साडेतीन वर्षांत पंचवीस हजार मैल गाडी चालवली आणि १०५ शाळांची कृष्णधवल चित्रं काढली. त्यांचं ‘अ बेटर लाइफ फॉर देअर चिल्ड्रन’ हे पुस्तक २०२१ मध्ये निघालं. प्रस्तावना जॉन लुइस यांची आहे. नागरी हक्कांच्या चळवळीत डोकं फुटेपर्यंत मार खाल्लेला हा नेता पुढे तेहतीस वर्षं अमेरिकी संसदेत होता. लहानपणी तो अलाबामातल्या अशाच एका शाळेत शिकला होता. पुस्तक बाहेर येण्याआधीच, जुलै २०२० मध्ये लुइस गेले.

या सगळ्या शाळा काळ्या मुलांसाठी वेगळ्या बांधलेल्या होत्या. अमेरिकेत त्यांना ‘रोझेनवाल्ड शाळा’ म्हणतात. त्यांतल्या काही नीट दुरुस्त झाल्या आहेत, काही झुडपांत बुडत चालल्या आहेत. मोडकी चित्रं पाहताना मनात सहज येतं की एक वाईट काळ होता, तो सरला आणि त्याचे हे अवशेष राहिले. मला हा समज घातक वाटतो. ज्यांना वेगळं काढलं होतं, त्यांनीच या शाळा घाम गाळून उभ्या केल्या होत्या. त्यांना पैसा कुणी दिला, पुढे कुलूप कुणी लावलं आणि त्या कुलपाची किंमत कुणी भोगली, हा हिशेब छायाचित्रात उमटत नाही. तो मांडायचा तर बरंच मागे जावं लागतं.

यादवी युद्धाआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि मुक्त झालेल्या माणसांनी सर्वांत आधी जी गोष्ट मागितली, ती शाळा. म्हातारे आणि नातवंडं एकाच बाकावर बसून मुळाक्षरं गिरवू लागले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. जोतीरावांना तिकडे जे घडताना दिसत होतं, ते खरंच मोठं होतं. पण पुढच्या चारच वर्षांत वारं फिरलं. १८७७ मध्ये केंद्र सरकारनं दक्षिणेतल्या सैन्याचा आधार काढून घेतला आणि राज्यांची सत्ता पुन्हा जुन्या गोऱ्या मालकवर्गाच्या हाती गेली. काळ्यांचा मतदानाचा हक्क टप्प्याटप्प्यानं हिरावला गेला. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘वेगळं पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं. सात न्यायमूर्ती एका बाजूला होते. विरोधात एकटे जॉन हार्लन.

या तत्त्वातला ‘समान’ हा भाग किती टिकला, ते तीनच वर्षांत कळलं. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात काळ्या मुलांसाठी एक हायस्कूल होतं, वेअर हायस्कूल. शिक्षण मंडळानं पैसे नाहीत म्हणून ते बंद केलं. गोऱ्या मुलांची हायस्कुलं मात्र चालूच ठेवली. काळे पालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८९९ मध्ये हरले. निकाल एकमतानं झाला आणि तो लिहिला जॉन हार्लन यांनीच. ज्या माणसानं प्लेसीत एकट्यानं विरोध नोंदवला, त्याच्याच हातून हा निकाल यावा, हे मला आजही पचत नाही. दक्षिणेतल्या प्रत्येक शिक्षण मंडळाला मात्र त्यातून स्पष्ट कळलं: वेगळेपणा सक्तीचा आहे, समानतेबद्दल कुणी विचारणार नाही.

मराठी वाचकाला टस्कीगी हे गाव परकं नाही. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’नं ते आपल्याकडे घरोघरी पोचवलं. कार्व्हरना १८९६ मध्ये तिथं बोलावून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते. १८८१ पासून ते टस्कीगीची संस्था चालवत होते. खेड्यापाड्यांत काळ्या मुलांची शाळा म्हणजे चर्चमधली पडवी नाहीतर गळकी झोपडी आहे आणि गोऱ्यांच्या मंडळाकडून काही मिळणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. १९११ मध्ये शिकागोत त्यांची ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्याशी ओळख झाली.

रोझेनवाल्ड हे जर्मनीहून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला, लिंकनच्या घरापासून जवळच, १८६२ मध्ये त्यांचा जन्म झाला. कपड्यांच्या धंद्यातून ते वर आले आणि ‘सिअर्स, रोबक’ या टपालानं माल घरपोच करणाऱ्या प्रचंड कंपनीचे अध्यक्ष झाले. रशियात ज्यूंवर होणारे हल्ले आणि अमेरिकेत काळ्यांची होणारी अवहेलना यांत त्यांना एकच जात दिसत होती आणि ते तसं बोलूनही दाखवत. १२ ऑगस्ट १९१२ ला पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी मोठ्या देणग्या जाहीर केल्या. त्यांतले २५,००० डॉलर टस्कीगीला मिळाले. त्यातली थोडी रक्कम खेड्यातल्या शाळांवर खर्च करू का, असं वॉशिंग्टननी विचारलं. रोझेनवाल्डनी होकार दिला. अलाबामात सहा छोट्या शाळा उभ्या राहिल्या. पहिली ली काउंटीतल्या लोचापोका गावी, १९१३ मध्ये.

पुढे ही योजना वाढत गेली. तिची अट अशी होती: रोझेनवाल्ड यांच्या निधीतून थोडेच पैसे मिळतील, बाकीचे गावातल्या काळ्या लोकांनी उभे करायचे, सरकारी शिक्षण मंडळानंही वाटा उचलायचा आणि शाळेची जागा लिहून मंडळाच्या नावावर करायची. ही शेवटची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळा सरकारी व्हावी, तिच्या शिक्षकाचा पगार मंडळाच्या गळ्यात पडावा, म्हणून ती घातलेली होती. हेतू चांगलाच होता. पुढे साठ वर्षांनी तीच अट गावांना फार महाग पडली.

हे पैसे गावांनी उभे कसे केले, हा या इतिहासाचा गाभा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी सांगितला जातो. ही माणसं बहुतेक बटईनं कापूस पिकवणारी. वर्षाच्या शेवटी मालकाकडचा हिशेब होई तेव्हा हाती बऱ्याचदा कर्जच उरे. त्यांनी एकर-दोन एकर कापूस शाळेच्या नावानं वेगळा पेरला. बायकांनी कोंबड्या तळून जेवणावळी घातल्या आणि ताटामागे पैसे गोळा केले. कुणी लाकूड दिलं, कुणी खेचरं दिली, कुणी सुतारकाम केलं. अलाबामातल्या बोलिगी गावातली एक सभा टस्कीगीच्या प्रतिनिधीनं नोंदवून ठेवली आहे. गुलामगिरी अंगावर काढलेला एक म्हातारा उठला, खिशातून तेलकट पिशवी काढली आणि टेबलावर रिकामी केली. जन्मभराची कमाई: ३८ डॉलर. नातवंडांच्या मुलांना तरी संधी मिळावी, म्हणून तो सगळं देऊन टाकत होता.

हीच माणसं करही भरत होती. त्या करातून गोऱ्यांच्या विटांच्या शाळा उभ्या राहात, गोऱ्या मुलांच्या बसगाड्या धावत. म्हणजे काळ्या माणसानं शाळेसाठी एकदा कर भरायचा आणि मग स्वतःच्या मुलांसाठी दुसऱ्यांदा पदर पसरायचा. शिक्षणाचे इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला दुहेरी कर म्हटलं आहे. १९३२ मध्ये रोझेनवाल्ड निधीनं शाळा बांधायला पैसे देणं थांबवलं, तेव्हा पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या होत्या. शिक्षकांची घरं आणि कर्मशाळा धरल्या तर एकूण इमारती ५,३५७. सगळा खर्च २ कोटी ८४ लाख डॉलरच्या घरात गेला. त्यात निधीचा वाटा सुमारे ४३ लाख आणि काळ्या लोकांचा सुमारे ४७ लाख. शिकागोतल्या लक्षाधीशानं जेवढं दिलं, त्याहून जास्त दक्षिणेतल्या कर्जबाजारी कुळांनी दिलं. रोझेनवाल्डचं औदार्य मला मुळीच कमी लेखायचं नाही. आपलं नाव या शाळांना द्यावं, असा त्यांचा आग्रहही नव्हता. तरी पाट्यांवर नाव त्यांचं राहिलं.

इमारतींचा नमुना डोकं लावून केलेला होता. सुरुवातीचे आराखडे टस्कीगीतले रॉबर्ट टेलर यांनी केले. एमआयटीतून पदवी घेणारे ते पहिले काळे विद्यार्थी. पुढे १९२० पासून निधीच्या नॅशव्हिलमधल्या कार्यालयातून सॅम्युअल स्मिथ यांनी नवे नकाशे छापून वाटले. वीज नव्हती, म्हणून सगळा भर उजेडावर. वर्ग पूर्व-पश्चिम दिशा साधून बसवायचा, खिडक्या एकाच बाजूला ओळीनं आणि उंच, म्हणजे उजेड डाव्या खांद्यावरून वहीवर येईल आणि लिहिणाऱ्या हाताची सावली पडणार नाही. भिंतींचा रंग फिका. दोन वर्गांमधली फळ्यांची भिंत सरकवली की सभागृह तयार, मग तिथंच गावच्या सभा, नाटकं, प्रार्थना. फाइलरच्या चित्रांत आपल्याला ज्या उंच खिडक्या इतक्या देखण्या वाटतात, त्या अशा विचारातून आल्या आहेत.

या शाळा नव्या असतानाची छायाचित्रंही आहेत आणि पडक्या चित्रांच्या शेजारी ती ठेवून पाहायलाच हवीत. रोझेनवाल्ड यांच्या इच्छेप्रमाणे निधी १९४८ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याचं दप्तर नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात गेलं. तिथं प्रत्येक शाळेचं एक कार्ड आहे: राज्य, काउंटी, जमीन किती, शिक्षक किती आणि खर्चाचे चार रकाने. काळ्यांनी दिलेले पैसे, गोऱ्यांनी दिलेले, सरकारी आणि रोझेनवाल्ड निधीतले. सोबत बऱ्याच शाळांचं चित्र. नुकत्याच रंगवलेल्या इमारती, अंगणातली माती अजून उकरलेली, कुठं पायऱ्यांवर ओळीनं उभी राहिलेली मुलं. त्या चित्रांत अभिमान आहे आणि तो लपवावा असं कुणाला वाटलेलं नाही. १९२८ पर्यंत दक्षिणेतल्या खेड्यांतली काळ्या मुलांची दर पाचवी शाळा रोझेनवाल्ड शाळा होती. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थशास्त्रज्ञ डॅनियल ॲरनसन आणि भास्कर मजुमदार यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की दोन महायुद्धांदरम्यान दक्षिणेतल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शिक्षणातलं अंतर झपाट्यानं घटलं, त्यात या शाळांचा मोठा वाटा होता.

एक प्रश्न तेव्हाही विचारला जात होता: वेगळी शाळा सुधारणं म्हणजे वेगळेपणाच पक्का करणं नव्हे का? डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याइतका या प्रश्नाचा विचार दुसऱ्या कुणी केला नसेल. फिस्कला शिकत असताना सुट्टीत त्यांनी टेनेसीतल्या एका खेड्यात लाकडी ओंडक्यांच्या खोलीत मुलं शिकवली होती. वॉशिंग्टनच्या सबुरीच्या धोरणाचे ते सर्वांत कडवे टीकाकार. पण १९३५ मध्ये त्यांनीच लिहिलं, की काळ्या मुलाला वेगळी शाळा हवी की एकत्र, हा प्रश्नच अपुरा आहे. त्याला शिक्षण हवं. जिथं शिक्षक त्याचा तिरस्कार करतो ती एकत्र शाळा वाईट, आणि जिथं पैसा नाही ती वेगळी शाळाही वाईट. (याच द्यू बॉइसना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीनं जो अर्ज जाणार होता, त्याची प्रत त्यांनी मागितली होती. अस्पृश्यांचं आणि निग्रोंचं दुःख किती सारखं आहे, ते या दोघांना एकमेकांना समजावून सांगावं लागलं नाही.) द्यू बॉइसच्या त्या लेखावर तेव्हा बरीच टीका झाली. वीस-तीस वर्षांनी जे घडलं, ते पाहिलं की तो लेख पुन्हा वाचावासा वाटतो.

साउथ कॅरोलिनातली क्लॅरेंडन काउंटी. १९४९-५० च्या शालेय वर्षात तिथलं मंडळ गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च करत होतं, काळ्या मुलामागे ४३. गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या, काळ्या मुलांसाठी एकही नाही. काही मुलं नऊ-नऊ मैल चालत. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली, ती सारखी बंद पडे आणि इंधनाचे पैसेही मंडळ देईना. लीवाय पिअर्सन नावाच्या शेतकऱ्यानं बसच्या मागणीसाठी १९४८ मध्ये दावा लावला. शेत दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर आहे, तुम्ही कर दुसऱ्या विभागात भरता, असं सांगून दावा काढून टाकण्यात आला. त्या हंगामात पिअर्सनला कुणी कर्ज दिलं नाही, कापणीचं यंत्र भाड्यानं दिलं नाही. पीक शेतात कुजलं.

त्यांच्या पाठीशी होते जोसेफ डिलेन. ते पाद्रीही होते आणि शिक्षकही. समान सोयींच्या मागणीसाठी त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. पहिली सही नौदलातून परत आलेल्या हॅरी ब्रिग्ज यांची. ब्रिग्ज पेट्रोलपंपावर नोकरीला होते. १९४९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मालकानं त्यांच्या हाती सिगारेटची पेटी ठेवली आणि कामावरून काढलं. बायको एलायझा मोटेलात खोल्या साफ करायची, तिचीही नोकरी गेली. डिलेन यांचं घर १९५१ मध्ये जळालं. अग्निशामक दल तिथं होतं, पण घर हद्दीबाहेर आहे म्हणून पाणी मारलं नाही. सही करणाऱ्या एकेका माणसाला अशी किंमत मोजावी लागली आणि तरी बहुतेकांनी सह्या मागे घेतल्या नाहीत. या खटल्याची गोष्ट सांगताना वकिलांची आणि न्यायाधीशांची नावं आधी येतात. माझ्या मते पहिला मान या शेतकऱ्यांचा आणि मोलकरणींचा.

सुरुवातीला मागणी समान सोयींची होती. न्यायाधीश वेटीस वेअरिंग यांनी पालकांचे वकील थरगुड मार्शल यांना सुचवलं, की असं तुकड्या-तुकड्यांनी लढण्यापेक्षा वेगळेपणालाच थेट आव्हान द्या. मार्शलनी तसा दावा दाखल केला. १९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क क्लॅरेंडनला गेले, दोन गोऱ्या आणि दोन काळ्या बाहुल्या घेऊन. सहा ते नऊ वर्षांच्या १६ काळ्या मुलांना त्यांनी विचारलं, कुठली बाहुली आवडते, कुठली वाईट दिसते. दहा मुलांना गोरी आवडली. अकरा मुलांनी काळी बाहुली वाईट म्हटली. न्यायालयात निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. वेअरिंग यांनी एकट्यानं लिहिलं, की वेगळेपणा म्हणजेच असमानता. साउथ कॅरोलिनात त्यांना राहणं अशक्य झालं आणि ते न्यू यॉर्कला निघून गेले.

१९५१ मध्येच २३ एप्रिलला व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं सगळी शाळा संपावर नेली. रॉबर्ट मोटन हायस्कूल १९३९ मध्ये १८० मुलांसाठी बांधलं होतं, तिथं साडेचारशेहून जास्त मुलं कोंबलेली. जागा पुरेना म्हणून मंडळानं अंगणात डांबरी कागदाच्या झोपड्या उभारल्या. पाऊस आला की आत छत्री उघडावी लागे. शेगडीजवळचं मूल भाजे आणि कोपऱ्यातलं गारठे. या झोपड्यांची छायाचित्रं खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली आणि ती आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ही तिसऱ्या प्रकारची चित्रं. फिस्कची चित्रं अभिमानानं काढलेली, फाइलरची आठवणीसाठी काढलेली, आणि ही न्यायाधीशापुढे ठेवण्यासाठी. त्यांत सौंदर्याचा मागमूस नाही. कुणाला आवडावीत म्हणून ती काढलेलीच नव्हती, आणि या सगळ्या चित्रांत मला सर्वांत जास्त विश्वास त्यांच्यावरच वाटतो.

क्लॅरेंडन, फार्मव्हिल आणि आणखी तीन ठिकाणचे खटले एकत्र झाले. १७ मे १९५४ ला ब्राऊन खटल्याचा निकाल आला: सरकारी शाळांतला वेगळेपणा घटनाबाह्य. पुढे काय झालं, त्याचा पहिला अंदाज एका पत्रात आधीच आला होता. मूळ ब्राऊन खटला ज्या टोपेका शहराचा, तिथल्या शाळाप्रमुखानं मार्च १९५३ मध्येच एका काळ्या शिक्षिकेला कळवलं होतं, की न्यायालयानं वेगळेपणा रद्द केला तर पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होणार नाही. गोऱ्या मुलांना काळ्या शिक्षिकेनं शिकवावं, हे गावातल्या बहुसंख्य लोकांना चालणार नाही, असं मंडळ गृहीत धरून चाललं होतं.

राज्यांनी निकाल टाळायचे शक्य तेवढे मार्ग वापरले. साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर जेम्स बर्न्स यांनी १९५१ मध्येच, खटला चालू असताना, विक्रीकर बसवून शाळाबांधणीची योजना काढली. काळ्या मुलांना विटांच्या, सपाट छपरांच्या, नव्या धाटणीच्या इमारती द्यायच्या, म्हणजे न्यायालय ‘समान’ मानेल आणि वेगळेपणा टिकेल, असा त्यांचा हिशेब होता. या इमारतींना ‘समतोल शाळा’ म्हणत. वीस वर्षांच्या आत त्यांतल्याही बऱ्याच ओस पडल्या. म्हणजे आज दक्षिणेत फिरणाऱ्याला दोन पिढ्यांच्या काळ्या शाळा मोडलेल्या दिसतात: एक लोकांनी आशेनं बांधलेली लाकडी, दुसरी सरकारनं भीतीनं बांधलेली विटांची. चित्रांत त्या सारख्याच उदास दिसतात आणि त्यांच्यातला फरक सांगितल्याशिवाय कळत नाही. फार्मव्हिलच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर टोक गाठलं. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा त्यांनी १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. काळी मुलं पाच वर्षं सरकारी शाळेविना राहिली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दारं उघडायला लावली, तोवर कित्येकांचं शिकण्याचं वय निघून गेलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या निकालानंतर टाळाटाळ संपली आणि दक्षिणेतल्या शाळा खरोखर एकत्र होऊ लागल्या. पण एकत्र करायचं म्हणजे काय, हे ठरवणारी मंडळं गोऱ्यांचीच होती. त्यांनी गोऱ्या शाळा चालू ठेवल्या आणि काळ्या शाळांना कुलपं घातली. काळ्या मुलांनी दूरच्या, त्यांना नको असलेल्या शाळेत जायचं. गोऱ्या मुलांनी मात्र काळ्यांच्या इमारतीत पाऊल ठेवायची वेळ क्वचितच आली. शाळेचं नाव, रंग, गाणं, खेळांत मिळवलेले चषक, सगळं गेलं. कित्येक ठिकाणी ते चषक कचऱ्यात सापडले. काळे मुख्याध्यापक उपमुख्याध्यापक झाले, कुणी शिपायासारख्या कामावर गेले. १९५४ ते १९६५ या काळात सतरा राज्यांत सुमारे ३८,००० काळ्या शिक्षकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे. गावातल्या सर्वांत शिकलेल्या, स्थिर पगाराच्या माणसांचा थरच्या थर खरवडून निघाला. काळी शाळा वाईट होती कारण तिला पैसा मिळत नव्हता. तिथली शिकवणूक वाईट होती असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. तरी निकालाची अंमलबजावणी करणाऱ्यांनी तसं धरूनच कुलूप लावलं. द्यू बॉइसना १९३५ मध्ये याचीच धास्ती होती.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही आणि स्थानिक मालमत्ता कराप्रमाणे शाळांना कमी-जास्त पैसा मिळाला तर ते घटनेविरुद्ध नाही. श्रीमंत उपनगरातली शाळा श्रीमंत, गरीब वस्तीतली गरीब. पुढल्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात शहर आणि उपनगरं यांच्या सीमा ओलांडून मुलं एकत्र आणण्यावरही बंधनं आली. कायद्यानं वेगळेपणा संपला होता, पैसा मात्र गोऱ्या वस्त्यांच्या बाजूनंच वाहत राहिला.

कुलूपबंद रोझेनवाल्ड शाळांचं काय झालं, ते त्यांच्या जमिनीच्या कागदावर अवलंबून होतं. जागा मंडळाच्या नावावर लिहून दिलेली होती, ती पहिल्या दिवसापासूनची अट. त्यामुळे आजोबांनी जमीन दिली आणि आजीनं जेवणावळी घातल्या तरी मालकी मंडळाची. मंडळांनी कुठं इमारत पाडली, कुठं चारा भरायला दिली, कुठं लिलावात काढली. सुरुवातीच्या पाच हजारांपैकी आज जेमतेम पाचशे उरल्याचं मानतात. २००२ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय ट्रस्टनं देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या अकरा वास्तूंत त्यांची गणना केली, तेव्हा कुठं त्यांच्याकडे लक्ष गेलं. जानेवारी २०२१ मध्ये रोझेनवाल्ड आणि या शाळांच्या नावे राष्ट्रीय उद्यान व्हावं का, याचा अभ्यास करण्याचा कायदा संमत झाला.

जिथं शाळा वाचल्या, तिथं बहुतेक ठिकाणी तिथल्याच माजी विद्यार्थ्यांनी आणि चर्चच्या मंडळींनी त्या वाचवल्या. मिसिसिपीतल्या केली सेटलमेंटमधली बे स्प्रिंग्ज शाळा घ्या. व्हर्नन डेहमर तिथलेच. काळ्या शेजाऱ्यांना मतदानासाठी लागणारा कर आपल्या दुकानात भरता येईल, असं त्यांनी जाहीर केलं आणि १० जानेवारी १९६६ च्या पहाटे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीनं त्यांचं घर पेटवलं. घरच्यांना बाहेर पडता यावं म्हणून डेहमर बंदूक घेऊन आगीत उभे राहिले आणि त्याच दिवशी गेले. त्या शाळेत उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी एली यांचं चित्र फाइलरच्या पुस्तकात आहे. मोडक्या खिडक्यांच्या चित्रांपेक्षा अशी चित्रं मला अधिक मोलाची वाटतात. इमारत कुणाची होती, हे तिथं विचारावं लागत नाही.

आणि अनेक गावांनी आपली शाळा मंडळाकडून परत विकत घेतली. करातून एकदा, वर्गणीतून दुसऱ्यांदा आणि खरेदीखतावर तिसऱ्यांदा, असे एकाच इमारतीचे पैसे एकाच घराण्यातल्या माणसांनी मोजले. त्यानंतर छपराचा खर्च, सडलेल्या तुळयांचा खर्च, विम्याचा खर्च, आणि त्यासाठी पुन्हा जेवणावळी आणि वर्गण्या. या तिसऱ्या खरेदीला फिस्कच्या कार्डावर रकाना नाही. ती कार्डं भरणं रोझेनवाल्डची योजना संपली, त्याच सुमाराला थांबलं.